इंग्रजी वाक्प्रचारांतील शब्दयोगी अव्यये: पाठ करावीत की समजून घ्यावीत?

पूर्वपक्ष:
अव्ययाचा मूळ अर्थ सांगून त्यावरून इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ काढायला लावणे मला निरुपयोगी वाटते. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे आणि ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे. दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज करून यांपैकी एकही अर्थ हाती लागत नाही. त्यामुळे संपूर्ण वाक्प्रचार एकच शब्द समजून पाठ करावा.

तर्कनिष्ठ:
मी असहमत आहे. ‘लुक इन्टू’चेच पाहा. आपणही प्रकरणाच्या खोलात शिरतोच की! ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांतील ‘अप’ क्रिया पूर्णत्वास गेल्याचे दाखवते. ‘खाऊन टाकणे’मधील ‘टाकणे’ साधारण तेच काम करते. शिवाय, तुमच्या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी ‘टर्न ऑफ’ हा एकच शब्द मानून ‘टर्न ऑफ इट’ असे लिहील. तेथील ‘ऑफ’ क्रियाविशेषणासारखे वागत असल्यामुळे सर्वनाम मध्ये येऊन ‘टर्न इट ऑफ’ होते, तर ‘आफ्टर’ हे खरे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे ‘लुक आफ्टर इट’ असेच म्हणावे लागते.

जिज्ञासू:
मी मूळ मताच्या बाजूने आहे. ‘च्याशी लग्न’ या मराठी वळणामुळे ‘मॅरीड विथ’ आणि ‘विषयी चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. ‘मॅरीड टू’ बरोबर आणि ‘डिस्कस’पुढे अव्यय नको, हे कोणत्या तर्काने कळावे? आपणही एखाद्याला घाबरतो आणि एखाद्यावर रागावतो. त्याचे कारण कोणी विचारत नाही.

पूर्वपक्ष:
सर्वनामाचा मुद्दा शब्दक्रमाचा आहे, अर्थाचा नाही. ‘अप’ पूर्णत्व दाखवत असेल, तर ‘शो अप’ म्हणजे हजर होणे, यात काय पूर्ण झाले? ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ सर्वत्र चालते, ब्रिटिश बोलण्यात ‘टू’ही येते आणि अमेरिकी वापरात ‘दॅन’ आढळते. तर्क एकच असता, तर अव्ययेही तीन झाली नसती.

तर्कनिष्ठ:
‘मॅरीड टू’ आणि ‘डिफरंट फ्रॉम’ पाठ करावे लागतात, याबद्दल वाद नाही; परंतु ते वाक्प्रचार नव्हेत, त्यांचा अर्थ अव्ययावाचूनही कळतो. ‘शो अप’मध्ये पूर्णत्व नाही हे खरे, पण नजरेसमोर वर येणे आहे, जसे ‘टर्न अप’ आणि ‘पॉप अप’मध्ये. एका अव्ययाला दोन-तीन अर्थछटा असणे म्हणजे अर्थच नसणे नव्हे. ‘कट डाउन’ आणि ‘स्केल डाउन’ समजून घेतलेल्या वाचकाला ‘व्हिटल डाउन’ प्रथमच भेटले, तरी काहीतरी कमी होत असल्याचा अंदाज येतो. ज्याने केवळ यादी पाठ केली आहे, त्याने यादीबाहेरच्या वाक्प्रचाराचे काय करावे?