विषय: मित्राचं सुतक

(टोरांटोहून)

मंडळी, नमस्कार.

2021 च्या एप्रिलमध्ये माझा गिरगावातला मित्र गेला. बालवाडीपासूनचा. इथे सकाळचे सात वाजले होते. ग्रुपवर एक ओळ आली आणि खाली तीसएक जोडलेले हात. आठला मीटिंग होती, ती केली. कॅमेरा बंद ठेवला, एवढंच.

त्याच्या आदल्याच वर्षी वडिलांचे एक लांबचे चुलतभाऊ रत्नागिरीकडे वारले. त्यांना मी आयुष्यात दोनदा पाहिलं असेन. आईचा लगेच फोन : दहा दिवस सुतक आहे, देवाला हात लावू नकोस, आणि ती तुमची झूमवरची आरती, तीही म्हणू नकोस. नाही म्हटली.

त्यांचे दहा दिवस पाळले आणि याचा तासभरही नाही, हे अजून डोक्यातून जात नाही. कुणी मित्रासाठी कधी काही पाळलंय का?

---

उत्तर : मित्राचं सुतक
(दादरहून)

अरे, तू लांब होतास म्हणून चुकलं असं धरून चाललायस. मी 2018 ला कायमचा मुंबईत परतलो, म्हणजे हाकेच्या अंतरावर होतो. माझा मित्र लालबागला. 2020 च्या जूनमध्ये त्यांच्या चाळीच्या तोंडाशी बांबू बांधून ती सील केलेली. त्याला अॅम्ब्युलन्समधून नेलं, घरचे सगळे क्वारंटाइनमध्ये. आठव्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, तुम्ही जाल का?"

लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना. चालत गेलो. अंत्ययात्रेला वीस माणसांची मुभा होती, आम्ही दोघे होतो : मी आणि अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर.

स्मशानात फॉर्म भरायचा होता. 'मृताशी नातं' या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं. टेबलावरचा माणूस काचेपलीकडून म्हणाला, "नातेवाईक लागतो हो, साहेब." रागाने नाही. दिवसभर तेच सांगत असणार बिचारा. मग स्वतःच म्हणाला, "भाऊ लिहा ना." मी 'मित्र' खोडून वर 'भाऊ' लिहिलं. आडनावं वेगळी होती, त्याने पाहिली आणि शिक्का मारला.

पिशवी चेनची होती. पीपीई घातलेल्या चौघांनी ती दोनेक मिनिटांत आत नेली. माझ्या हातात तुळशीचं पान होतं, ते परत येताना शर्टाच्या खिशात सापडलं. चेन थोडी उघडून लांबून चेहरा दाखवायला सरकारी नियमाप्रमाणे परवानगी होती, हे मी पुढे केव्हातरी वाचलं. मी नुसतं विचारायला हवं होतं. ते मला त्याच्या जाण्याइतकंच लागलंय.

घरी येऊन आंघोळ केली आणि बायकोला सांगितलं, मी कागदोपत्री भाऊ आहे, दहा दिवस पाळणार. ती काही बोलली नाही, फक्त देवपूजा स्वतःकडे घेतली. दहा दिवस चटईवर झोपलो, गोड खाल्लं नाही. दाढी-कटिंगचा प्रश्नच नव्हता, सलूनच बंद होती. दहाव्या दिवशी खिडकीत भाताचा गोळा ठेवला. कावळा कुठला यायला, आमच्याकडे सगळी कबुतरं. त्याला कबुतरांचा भयंकर तिटकारा.

त्या वर्षी लालबागचा राजाही बसला नाही, मंडळाने आरोग्योत्सव केला, रक्तदान वगैरे. याने एका वर्षी रांगेत सतरा तास काढले होते आणि ते दरवर्षी ऐकवायचा. तेव्हा कंटाळा यायचा.

---

उत्तर : उत्तर : मित्राचं सुतक
(टोरांटोहून, मंडळातली एक ताई)

शास्त्राचं विचारशील तर, वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर नुसत्या आंघोळीने सुतक सुटतं असं आमच्याकडे गुरुजी सांगायचे. पण तुला तर त्याच दिवशी सातला कळलं होतं रे. त्यामुळे ती सवलत तुला लागू नाही. दहा दिवस धर सरळ. आत्ता धर. कोण विचारतंय?

आणि दादरचे काका, तो फॉर्म आहे का तुमच्याकडे अजून?

---

उत्तर : उत्तर : उत्तर : मित्राचं सुतक
(दादरहून)

फॉर्म त्यांनी ठेवून घेतला. पावती आहे, तिच्यावरही 'भाऊ'च आहे. लाइट बिलांच्या फाइलीत.