मदत हवी आहे: इंग्लंडमधली प्रायमरी शाळा, सेंडच्या (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या) पैशांची तूट, टीए (वर्गातल्या मदतनीस) कमी करायचं चाललंय. गव्हर्नर (शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळाची सदस्य) म्हणून काय विचारू?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये कुणी शाळेवर गव्हर्नर असेल, सेन्को (शाळेत विशेष गरजांचं काम बघणारी शिक्षिका) असेल किंवा कौन्सिलच्या एज्युकेशन फायनान्सला असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

मी मुलांच्या शाळेत पॅरेंट गव्हर्नर आहे, फायनान्स कमिटीवर पण आहे. पुढच्या वर्षाच्या बजेटचा ड्राफ्ट आलाय आणि त्यात टीएंच्या जागा कमी करायचं हेडटीचरनी मांडलंय. त्यांनाही ते नकोय हे दिसतं, पण आकडे बसतच नाहीयेत. ईएचसीपी (मुलाला कोणती मदत द्यायची ते लिहिलेला कौन्सिलचा कायदेशीर प्लॅन) असलेल्या प्रत्येक मुलामागे जादा मदतीचे पहिले ६,००० पौंड शाळेने आपल्या बजेटमधून घालायचे आणि त्याच्या वरचं कौन्सिल टॉप-अप म्हणून देणार, हा ६,००० चा आकडा २०१३ पासून हललेला नाही. बजेटमध्ये नोशनल सेन म्हणून, म्हणजे विशेष गरजांसाठी धरलेली, एक रक्कम दाखवतात पण ती फॉर्म्युल्याने येते, शाळेत ईएचसीपीवाली मुलं किती आहेत ते बघून नाही. आमची शाळा अशा मुलांना मनापासून घेते म्हणून आजूबाजूचे पालक इकडेच येतात, म्हणजे दहा मुलं आली की ६०,००० पौंड आधी शाळेचे गेले, आणि जी शाळा "तुमच्या मुलाला इथे जमणार नाही हो" असं सांगून परत पाठवते तिच्या बजेटला धक्काच नाही. हे मला फार लागतं.

त्यात एप्रिल २०२५ पासून एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर शाळेने सरकारला भरायची रक्कम) १३.८ वरून १५ टक्के झाला आणि वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंड पगारापासूनच लागायला लागला. टीए बहुतेक सगळ्या पार्टटाइम, त्यामुळे ज्यांच्यावर आधी काहीच पडत नव्हतं त्यांच्यावरही आता पडतं. सरकारची ग्रँट आली, पण खड्डा भरला नाही.

कौन्सिलकडे जावं तर त्यांचा हाय नीड्स ब्लॉकच (जास्त गरजांच्या मुलांसाठी सरकारकडून येणारा पैसा) तुटीत. ही साठलेली तूट स्टॅच्युटरी ओव्हरराइड नावाच्या कायदेशीर सवलतीमुळे त्यांच्या मुख्य हिशेबाच्या बाहेर ठेवता येते, आता ती सवलत मार्च २०२८ पर्यंत वाढवलीये. नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्येच अंदाज दिला होता की इंग्लंडभरची साठलेली तूट मार्च २०२६ पर्यंत ४.३ ते ४.९ अब्ज पौंड होईल. म्हणजे रोग देशाचा आहे हे कळतं, पण सोमवारी सकाळी वर्गात त्या मुलाशेजारी कोण बसणार ते आम्हालाच ठरवायचंय.

तर विचारायचंय ते असं की प्लॅनमध्ये मदतीचे तास लिहिलेत आणि टीए कमी केल्यामुळे ते मिळाले नाहीत तर जबाबदार कोण, शाळा की कौन्सिल? शाळेला जादा पैसे मागायचा नेमका रस्ता कुठला? आणि अजून एक, इथले काही मराठी पालक वर्क व्हिसावर आहेत, ते मुलाचं ईएचसीपीसाठीचं असेसमेंटच मागत नाहीत कारण "सरकारी पैसा घेतला" म्हणून पुढे व्हिसाला त्रास होईल अशी भीती. त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, मी दुसऱ्या भागात सेन्को आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कौन्सिल. चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट २०१४ चं कलम ४२ बघा, प्लॅनच्या सेक्शन एफमध्ये (मदत लिहितात तो भाग) जे लिहिलंय ते मिळवून देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, पैसे नाहीत हे कारण चालत नाही. खूप आधी ईस्ट ससेक्समध्ये एका आजारी मुलीची घरची शिकवणी आठवड्याला पाच तासांवरून तीन तासांवर आणली होती, खर्च वाचवायला, हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९८ मध्ये ते बेकायदा ठरवलं. कायद्याचं कलम वेगळं होतं, तत्त्व तेच.

पण मेख अशी की एफमध्ये तास स्पष्ट पाहिजेत. "मोठ्यांची मदत उपलब्ध असावी" असं मोघम लिहिलं असेल तर हातात काही राहत नाही. म्हणून बजेट पास करायच्या आधी सेन्कोकडून एक तक्ता मागा, मुलांची नावं न घालता (गव्हर्नरना ती कळायची गरज नाही), प्लॅनमध्ये किती तास, त्याला खरा खर्च किती, टॉप-अप किती. जिथे फरक मोठा आहे तिथे प्लॅनचा ॲन्युअल रिव्ह्यू लवकर घ्यायला सांगा आणि कौन्सिलला लेखी कळवा की अमुक तरतूद आता या पैशात होत नाही. तोंडी बोलणं नको.

पैशांसाठी: ज्या शाळेत ईएचसीपीची मुलं प्रमाणाबाहेर जास्त आहेत तिला हाय नीड्समधून फॉर्म्युल्याबाहेर जादा पैसे द्यायची कौन्सिलला मुभा आहे. तुमच्या कौन्सिलचा असा फंड आहे का आणि निकष काय ते विचारा. हेडना हे माहीत नसणंही शक्य आहे. आणि स्कूल्स फोरमच्या (कौन्सिलच्या भागातल्या शाळांच्या प्रतिनिधींचं मंडळ) मीटिंगला जाऊन बसाच, ती सगळ्यांना खुली असते, कागद वेबसाइटवर असतात. शाळांच्या ब्लॉकमधले ०.५ टक्क्यांपर्यंत पैसे हाय नीड्सकडे वळवायचे की नाही ते तिथेच ठरतं.

प्रतिसाद २

व्हिसाचं सांगते. सरकारी शाळेतलं शिक्षण आणि ईएचसीपी हे इमिग्रेशनच्या नियमात पब्लिक फंड्समध्ये (व्हिसावर असताना घ्यायला बंदी असू शकते असा सरकारी पैसा) धरत नाहीत, तेव्हा असेसमेंट बिनधास्त मागू देत. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स (अपंगत्वाचा सरकारी भत्ता) मात्र पब्लिक फंड आहे, त्याला हात लावायच्या आधी व्हिसावरची अट वाचायला सांगा. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि मूल तसंच राहतं. असेसमेंटला नकार आला तर ट्रायब्युनलमध्ये अपील करता येतं, फी नाही, पत्राच्या तारखेपासून दोन महिने असतात, त्याआधी मीडिएशनच्या (कौन्सिलशी समेटाच्या बोलणीच्या) सर्टिफिकेटचं बघावं लागतं.

मूळ लेखिका

दोघींचे मनापासून आभार, व्हिसाचं आजच पालकांच्या ग्रुपवर टाकते. तक्ता मागितलाय, सेन्को लगेच हो म्हणाल्या. आता एकच, तो प्रमाणाबाहेरच्या मुलांचा फंड तुमच्यापैकी कुणाच्या कौन्सिलमध्ये चालू असेल तर त्याचे निकष कसे लिहिलेत ते इथे टाकाल का? आमच्याकडे नसला तर फोरममध्ये तसा प्रस्ताव मांडावा असं हेडना सुचवणार आहे, आणि रिकाम्या हाताने जायचं नाहीये.