गांधीलमाश्यांचं पोळं की घरटं?

परसदार: मी मालवणात राहते. थंड देशातल्या एका बागेवरच्या लेखाचा मुलांसाठी अनुवाद करते आहे. हंगाम सरत आला की तिथल्या गांधीलमाश्या सफरचंदाच्या झाडाखाली पडलेल्या फळांवर घोंगावतात. वाढत्या अळ्या मोठ्या माश्यांना गोड रस देतात. अळ्या उरल्या नाहीत की तो बंद होतो, मग फळं. मी 'गांधीलमाश्यांचं पोळं' लिहिलं, संपादकांनी खोडून 'घरटं' केलं. पोळ्यात मध हवा म्हणे. मला घरटं म्हटलं की पाखरूच दिसतं. शिवाय 'हंगाम सरताना' हे कसं वाटतं? आमच्याकडे हंगाम म्हणजे आंबा, म्हणजे मे महिना.

कलमवाला: पोळंच. फवारणीला गडी चढला की आम्ही खालून ओरडतो, "वर पोळं आहे, बघ!" ते कोणाचं हे नंतर कळतं.

शुद्धाक्षर: सवयीने रुळलेलं सगळंच बरोबर नसतं. पोळं मधमाशीचं. गांधीलमाशी जुनं लाकूड खरवडून, लाळेत कालवून कागदासारखा लगदा करते. त्यात मेणही नाही, मधही नाही.

कलमवाला: मग 'मधाचं पोळं' असं का म्हणतो आपण? पोळ्यात मध असतोच असं असतं तर 'मधाचं' जोडायची गरज काय? मधासाठी मोहोळ आहे ना.

खारवाट: हे पटलं. पण 'गांधीलमाशी चावली' लिहू नका, डंख मारला लिहा. चावायला दात लागतात.

कलमवाला: एकनाथांच्या भारुडात विंचू चावलाच आहे. त्याला कुठे दात होते?

शुद्धाक्षर: भारूड लोकांच्या बोलीत आहे, मुलांचा लेख प्रमाणभाषेत हवा.

परसदार: बोलीतलं लिहायचं नाही तर मुलं वाचणार कशी? माझा मुलगा डंख म्हणत नाही. 'आई, चावली' म्हणतो.

आगरातली: गांधील हा शब्द कुठून आला, कोणी विचारलंय का? आमची आजी सांगायची, चावली की अंगावर गांधी उठतात, म्हणून गांधील. लहानपणी नारळाच्या झापांखाली मला एकदम तीन ठिकाणी चावली होती. तिन्ही गांधी संध्याकाळपर्यंत सुपारीएवढ्या झाल्या.

शुद्धाक्षर: गोष्ट गोड आहे, पण अमरकोशात 'गन्धोली वरटा' असं आहे. गन्धोली म्हणजे गांधीलमाशीच. शब्द तिथून आला.

आगरातली: दोन्ही खरं का नसावं? आजीने अमरकोश वाचला नव्हता, पण गांधी पाहिल्या होत्या.

खारवाट: आमच्या अलिबागकडच्या घरी सगळ्यांना सरसकट कुंभारीण म्हणत. खरी कुंभारीण वेगळी, भिंतीवर चिखलाची घरं बांधणारी. त्यात ती डंखाने लुळी केलेली अळी किंवा कोळी ठेवते आणि त्यातच आपलं अंडंही घालते. भ्रमरकीटकन्याय त्यातूनच आला असावा: आत किडा गेला, बाहेर माशी आली, म्हणजे ध्यास घेऊन किडा तसा झाला. प्रत्यक्षात किड्याला तिच्या पिल्लाने खाल्लेलं असतं. शाळेत हा न्याय शिकताना हे कळलं असतं तर!

कलमवाला: म्हणजे ते 'घर' झालं. कुंभारणीचं घर, गांधीलमाशीचं पोळं, चिमणीचं घरटं. मला तरी अडत नाही.

आगरातली: हंगामाचं मात्र जपून लिहा. थंड देशात वसाहत मरते, फक्त तरुण राण्या हिवाळा काढतात. आपल्याकडे तसं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी जी तांबूस कागदी गांधीलमाशी कित्येक वर्षं अभ्यासली, ती वर्षभर केव्हाही नवं पोळं सुरू करते.

शुद्धाक्षर: तुम्हीही पोळंच म्हणालात.

खारवाट: नराला नांगीच नसते. म्हणजे चावते ती नेहमी मादीच. गांधीलमाशी स्त्रीलिंगी, यात भाषेचं काहीच चुकलेलं नाही.

परसदार: संपादकांना उद्या उत्तर द्यायचं आहे. 'हंगाम सरताना' ऐवजी 'फळं गळून पडू लागली की' कसं वाटतं?