स्केटबोर्डिंग ऑलिम्पिकला गेलं आणि स्वतःची ओळख घालवून बसलं, पटतं का?

गल्लीतला_स्केटर: माझं मत सरळ आहे, 2021 ला टोकियोत मेडल वाटली त्या दिवसापासून हा खेळ आमचा राहिला नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे स्विमिंग पूल कोरडे पडले आणि सर्फिंग करणारी पोरं कुंपणं ओलांडून त्यात बोर्ड घेऊन घुसली, कोच नाही, युनिफॉर्म नाही, पोलीस आले की पळायचं. त्यातूनच स्केटर म्हणजे कोण ते ठरलं ना. आता देशाचा टीशर्ट घालून जजकडे बघत उभं राहायचं, मग जिम्नॅस्टिक्स काय वाईट होतं?

स्केटरची_आई: "आमचा" म्हणजे नक्की कोणाचा हो? माझी लेक पार्किंगमधे बोर्ड घेऊन उतरली की मोठी पोरं तिला कोपऱ्यात ढकलायची आणि घरात सासूबाई म्हणायच्या गुडघे फुटले तर पुढे कसं व्हायचं. मग टोकियोत मुलींच्या स्ट्रीट (पायऱ्या, रेलिंगवरच्या कसरती) फायनलला गोल्ड आणि सिल्व्हर दोघी 13 वर्षांच्या, ब्राँझवाली 16 ची, हे सासूबाईंनी टीव्हीवर पाहिलं आणि नी-पॅड त्यांनीच आणून दिले. तुमची ती बंडखोरी मुलग्यांचीच होती, आमच्या वाट्याला कधी आली?

समाजशास्त्र_वाचणारा: ताई बरोबर बोलतायत, पण दादांची भीती पण खरी आहे. 1998 ला नागानोत स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमधे आलं तेव्हा नॉर्वेचा नावाजलेला स्नोबोर्डर तेर्ये हाकोनसेन गेलाच नाही, कारण कारभार स्नोबोर्डवाल्यांच्या संघटनेऐवजी स्कीवाल्यांकडे दिला होता. म्हणजे भांडण मेडलचं नव्हतं, आपला खेळ कोण चालवणार याचं होतं. आणि दादा, टीव्हीवाल्यांनी एक्स गेम्स, म्हणजे स्केटबोर्डिंगसारख्या धाडसी खेळांची स्पर्धा, 1995 लाच काढले, बाजार ऑलिम्पिकच्या कितीतरी आधी आलाय.

गल्लीतला_स्केटर: बाजार आला तरी रस्ता आमच्याकडे होता. मेडल आलं की आईबाप क्लास लावणार, फी भरणार, ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पोरगा परत बाहेरच, यावर बोला की कोणीतरी.

स्केटरची_आई: फीचं मान्य, आम्हालाही जड जातं. पण टोकियोतलीच मुलींची पार्क (पूलसारख्या खोलगट जागेतली) फायनल बघा एकदा, जपानची मिसुगु ओकामोतो शेवटच्या रनला पडली, मेडल हुकलं, रडत होती, तर तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या पोरींनी तिला खांद्यावर उचललं. देशाचे टीशर्ट अंगात होतेच की. ओळख गेली म्हणता, मग हे कुठून आलं सांगा मला.