साडेचार महिन्यांचं बाळ दर तासाला उठतंय, झोळीशिवाय झोपतच नाही

निशिगंध_ठाणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तोही रात्री पावणेतीनला एका हाताने टाइप करत, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत बरं चाललं होतं हो, रात्री सलग चार तास तरी झोपायचा, मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आमचं बाळ किती शहाणं. आता काय बिनसलंय कळत नाही, दर पाऊण-एक तासाला उठतो, पाजलं की पाच मिनिटांत डोळे मिटतात, हळूच खाली ठेवला की परत टक्क जागा. दिवसा तर फक्त झोळीत, आणि झोका थांबला की झोपही संपली. सासूबाईंचा खांदा धरलाय झोके देऊन देऊन, म्हणून नवऱ्याने झोळीला लावायची मोटर ऑनलाइन मागवलीय, अजून यायचीय.

वन बीएचके आहे. हॉलमध्ये सासऱ्यांचा टीव्ही, बेडरूममध्ये आम्ही तिघं. त्यामुळे बाळाला वेगळ्या खोलीत झोपवा हा सल्ला प्लीज नको. सासूबाई म्हणतायत घुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दे (घुटी मी अजून सुरूच केलेली नाही, तो वेगळा विषय), नवरा म्हणतो रीलमध्ये दाखवतात तसं रडू द्यायचं, तीन रात्रीत शिकतं बाळ. माझी २६ आठवड्यांची रजा, त्यातले दोन डिलिव्हरीच्या आधीच गेले, आता महिनाभर उरलाय आणि मग पाळणाघर. डॉक्टरांनी तपासलंय, वजन व्यवस्थित, सर्दी नाही कान दुखत नाही. मग हे वयाचंच आहे का? आणि झोपेची सवय लावायची म्हणजे नक्की करायचं काय?

चहा_बिस्किट

सेम पिंच, आमची पाच महिन्यांची. उत्तर नाही माझ्याकडे, फक्त सोबत आहे. मोटरचं मात्र वाचून घे, शेजारणीकडे होती, लाईट गेले की बाळ जागं, सगळी सोसायटी जागी.

रातराणी७

हो, वयाचंच आहे, आणि बाळ बिघडलेलं नाही हे आधी सांगते. मी बरीच वर्षं बालरोग वॉर्डात नर्स आहे, ओपीडीत चार ते पाच महिन्यांच्या बाळांच्या आया अगदी हेच वाक्य बोलतात, 'आधी छान झोपायचा हो'.

होतं काय, पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस-रात्र कळतच नाही, झोप आणणारं मेलाटोनिन त्याचं स्वतःचं नीट तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. चौथ्या महिन्याच्या आसपास त्याची झोप आपल्यासारखी व्हायला लागते, म्हणजे हलकी मग गाढ मग परत हलकी. आपला एक फेरा साधारण दीड तासाचा, बाळाचा ५० मिनिटांच्या आसपास. तुझा 'दर पाऊण-एक तास' कुठून आला ते लक्षात आलं ना? प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी आपण सगळेच जरासे जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो, सकाळी आठवतही नाही. बाळ जागं होतं तेव्हा त्याला दिसतं की झोपताना तोंडात दूध होतं किंवा झोळी हलत होती आणि आता काहीच नाही. मग ते ओरडणारच, आपल्याला कोणी झोपेत उचलून जिन्यात नेऊन ठेवलं तर आपणही ओरडू.

म्हणून सगळी गोम आहे ती डोळा लागतानाच्या त्या दोन-तीन मिनिटांत. रोज संध्याकाळी एक ठरलेला क्रम ठेव, आमच्याकडे काही फॅन्सी नव्हतं, कोमट पाण्याने अंग पुसायचं, नवीन लंगोट किंवा डायपर, मग दिवा बारीक करून पाजायचं, मग खांद्यावर ढेकर, मग एकच ठरलेली अंगाई आणि गादीवर. पाजणं क्रमाच्या शेवटी नको, मध्ये घे, म्हणजे झोप आणि दूध यांची गाठ जरा सुटते. गादीवर ठेवायचं ते पूर्ण झोपल्यावर नाही, पापण्या जड झाल्यात, मुठी सैल पडल्यात पण अजून शुद्ध आहे अशा वेळी. कुरकुरलं तर छातीवर तळवा ठेवायचा, नुसता ठेवायचा, आणि हूं हूं करत राहायचं. नाहीच जमलं तर उचल, पाज, झोपव, उद्या परत. रात्री नाही जमलं तरी दिवसाची पहिली डुलकी यासाठी सगळ्यात सोपी असते, सकाळी उठल्यावर दीड-दोन तासांनी, तेव्हा बाळही ताजं आणि आईही.

दीड-दोन तासांचं लक्षात ठेव. या वयात त्याहून जास्त वेळ जागं राहिलं की बाळ अतिथकतं आणि मग झोपायच्या ऐवजी हात-पाय झाडतं. डोळे चोळणं ही शेवटची खूण, त्याच्या आधी ते शून्यात बघायला लागतं, खेळण्याकडे पाठ फिरवतं, तेव्हाच उचलायचं. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतची बाळं दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोपतात, तुझं त्यात कुठेही असेल तरी ठीक. आणि रात्री दोन-तीनदा भुकेने उठणं या वयात चालतंच, ते बंद करायच्या मागे लागू नकोस, आपल्याला फक्त बाकीच्या उठण्यांचं बघायचंय.

जायफळ नको. सहाणेवर दोन वेढे म्हणजे किती गेलं हे कुणाला सांगता येत नाही, कुणाचा हात हलका कुणाचा जड. जायफळात मिरिस्टिसिन म्हणून घटक असतो, जास्त झाला तर विषबाधा होते, आणि एवढंसं बाळ गुंगीत आहे की झोपेत हे बाहेरून कळत नाही. सहा महिने आईचं दूध, बाकी पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, त्यातून बोट्युलिझम म्हणून गंभीर विषबाधा होऊ शकते.

देवगडची_काकू

अगं निशिगंध, झोळीला एवढी नावं ठेवू नका गं सगळ्याजणी, माझी तिन्ही नऊवारीच्या झोळीत वाढली, आंबे उतरवायच्या दिवसांत घरात पन्नास माणूस, झोळी नसती तर मी काय पोर पाठीला बांधून चूल फुंकली असती? आणि ही सवय बिवय काही नव्हती आमच्या वेळी, दिवेलागणीला परवचा, आठाला कंदील बारीक, घर झोपलं की पोर झोपलं. तुमच्याकडे अकराला जेवणं आणि पोराने मात्र आठाला झोपायचं, कसं होणार?

पण जायफळाचं ती नर्सबाई म्हणते ते बरोबर आहे. माझी आजी मुंबईला गिरणगावात होती. तेव्हा गिरणीत जाणाऱ्या बायका पोराला बाळागोळी चाटवून चाळीत ठेवून जायच्या, त्यात अफू असायची. पोर दिवसभर गप्प. आजी म्हणायची गप्प पोराची भीती वाटायची, रडणाऱ्याची नाही. सासूबाईंना हे सांग, नर्सचं ऐकणार नाहीत कदाचित, माझं ऐकतील 😄

दोन_पोरांचा_बाप

काकूंचा कंदील बारीक करायचा मुद्दा लाखमोलाचा. निशिगंध, तुमच्या नवऱ्यासाठी लिहितोय, त्यांना वाचायला द्या.

मित्रा, रीलमध्ये जे 'रडू द्या' दाखवतात ते अर्धवट आहे. मूळ पद्धत, ज्याला फर्बर पद्धत म्हणतात, त्यात बाळाला टाकून निघून जात नाहीत, थोड्या थोड्या वेळाने जाऊन धीर द्यायचा आणि ती वेळ हळूहळू वाढवायची असं आहे, आणि ती सुद्धा साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, बाळाच्या डॉक्टरला विचारून. साडेचार महिन्यांच्या बाळाला भूक लागलीय की सवय म्हणून रडतंय हे आपल्यालाच कळत नाही. शिवाय वन बीएचके! दहा मिनिटं पोर रडलं की पहिले आईबाबा दारात येतात, मग वरचे काका. त्या घरात ती पद्धत तिसऱ्या रात्रीपर्यंत पोचतच नाही, आणि एक रात्र रडू दिलं एक रात्र उचललं असं झालं की बाळ बिचारं जास्तच गोंधळतं.

त्यापेक्षा रात्रीची पहिली झोप तू घे. म्हणजे बायकोने पाजून तुझ्याकडे द्यायचं आणि ती उठून चक्क दुसऱ्या खोलीत. तुझ्या अंगाला दुधाचा वास नाही त्यामुळे बाळ मागत नाही, चिडतं पण मागत नाही. मोठीच्या वेळी मी हेच केलं, पहिल्या रात्री ती माझ्याकडे बघून जे काही रडली ते विचारू नका, पण आठवड्याभरात माझ्या हाताखाली झोपायला लागली. दुसऱ्याच्या वेळी पहिल्यापासून तसंच ठेवलं. मध्यरात्रीच्या नियमात एवढंच, मोबाईलचा टॉर्च नाही, बोलायचं नाही, शी केली तरच डायपर. आणि लगेच झडप घालू नको, पोरं झोपेतही कण्हतात, तोंड वेडंवाकडं करतात, क्षणभर थांब, निम्म्या वेळा पुढच्या फेऱ्यात परत जातात.

सकाळी मात्र सातच्या सुमाराला पडदे उघडून बाल्कनीत. रात्र कशीही गेली असली तरी. अंधार आणि उजेड हेच त्याचं घड्याळ आहे.

टीव्हीचं म्हणाल तर आवाज एकसारखा असेल तर त्रास नाही, सिरियलमधला अचानक वाजणारा ढॅण त्रास देतो. आम्ही बाबांना वाढदिवसाला ब्लूटूथ हेडफोन दिले. बाबा खूश, आई जास्त खूश.

जर्सीकर

झोळीबद्दल एक गोष्ट, काकूंची माफी मागून. झोळीत बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते, आणि एवढ्या लहान बाळाची श्वासनळी त्याने दबू शकते. मोठं माणूस समोर बसून झोका देत असेल तर लक्ष असतं, मोटर लावली की आपण उठून कामाला जातो, खरी भीती तिथे आहे. इथे अमेरिकेत २०२२ साली कायदाच केला, १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेले, बाळाला झोपवायचे स्लीपर आणि पाळण्याच्या कडेने लावायचे मऊ बंपर दोन्ही विकायला बंदी. आमच्या पीडियाट्रिशियनने पहिल्याच भेटीत सांगितलं, पाठीवर, सपाट, कडक गादी, आणि बाळाशिवाय तिथे काही नको, उशी नको, सॉफ्ट टॉय नको, गोधडी नको. पाठीवर झोपवायची मोहीम इथे १९९४ पासून आहे आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

माझ्या आईने ठाण्याहून मोहरीची उशी पाठवली होती, डोकं गोल यावं म्हणून. ती खोक्यातच राहिली. डोक्यासाठी जागेपणी पोटावर ठेवायचं, त्याने मानही धरते.

वेगळी खोली लागतच नाही, उलट पहिले निदान सहा महिने एकाच खोलीत असावं असं इथले डॉक्टर सांगतात, फक्त बाळाची गादी वेगळी. तुमच्याकडे जागा नसेल तर खाली जमिनीवर गादी घाला, बाळ तुमच्या बाजूला भिंतीपासून लांब, दोघांच्या मध्ये नको. आणि पाजता पाजता सोफ्यावर झोप लागू देऊ नका, ते सगळ्यात वाईट. ४ महिन्यांनंतर दुपट्यात घट्ट गुंडाळणंही बंद करा, कुशीवर वळायची धडपड दिसली की त्या दिवसापासून.

निशिगंध_ठाणे

बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांना धन्यवाद. काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, बाळागोळीचं ऐकून गप्प बसल्या, मग म्हणाल्या आमच्याही शेजारी होतं असं. जायफळ डब्यात परत गेलं.

अपडेट असं की मोटर परत पाठवली. सकाळची पहिली डुलकी गादीवर जमतेय, रोज नाही पण जमतेय. दुपारची अजून झोळीतच, सासूबाई समोर बसून, झोका हळूहळू कमी करत बंद करतायत, तो थांबला तरी हल्ली लगेच उठत नाही. रात्री नवरा झोपवतो पहिल्यांदा, त्याची अंगाई म्हणजे 'बस आली बस आली' एवढंच आहे, सूर नाही काही नाही, पण चालतंय त्याला. अकरापर्यंत सलग झोपतो, त्यानंतर मात्र अजून गोंधळच आहे, दोनला उठतो, चारला उठतो, पाचला तर खेळायलाच.

आता नवीन काळजी. ज्या पाळणाघरात नाव घातलंय तिथे सगळी बाळं झोळीतच झोपवतात. मी घरी एवढं करायचं आणि तिथे परत झोके?

पाळणाघर_चालवते

पाचचं आधी सांगते, खोलीत उजेड येत असेल, जाड चादर लावा खिडकीला. आणि पाचला खेळायला लागला तरी दिवा लावू नका, सहापर्यंत रात्रच आहे असं वागायचं.

पाळणाघराचं असं आहे की बाळांना जागा कळते. माझ्याकडे येणारी कितीतरी पोरं घरी कडेवरच झोपतात आणि इथे गादीवर, बाकीची झोपलेली दिसली की आपणही आडवी होतात. उलटंही होतं, त्यामुळे तिथे झोळी मिळाली म्हणून घरची सवय लगेच मोडेल असं नाही. पण सुरक्षेचा मुद्दा वर आलाय तो खरा आहे, म्हणून रजा संपायच्या आधीच जाऊन स्पष्ट बोला. विचारा की एका बाईकडे किती बाळं, झोळीत झोपल्यावर त्या खोलीत कोणी बसतं का, आणि माझ्या बाळाला सपाट गादीवर ठेवाल का. नुसतं 'झोळी नको' म्हणालात तर त्या मान डोलावतील आणि तुम्ही गेल्यावर झोळीतच घालतील, कारण त्यांनाही सहा पोरं झोपवायची असतात. त्यापेक्षा तुमची गादी, तुमची वापरलेली न धुतलेली चादर गादीला ताणून खोचून द्या, तुमच्या वासाची, आणि तो 'बस आली बस आली' त्यांना शिकवा. पहिला आठवडा दोन-दोन तासच ठेवा, त्यातली एक डुलकी तुम्ही तिथे असताना, स्वतः गादीवर झोपवून दाखवा. करून दाखवलेलं बायका करतात, सांगितलेलं करत नाहीत.

आणि संध्याकाळी घ्यायला याल तेव्हा विचारा शेवटचा कधी उठला. साडेपाचला उठलेला असेल तर साडेसातला तुमचा क्रम सुरू व्हायला हवा, मग तुम्ही ट्रेनमधून उतरून कितीही दमलेल्या असा, स्वयंपाक त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी करायचा.