धडगावच्या पाड्यांवरच्या मुलींचं शिक्षण : छोट्या संस्थेला मदत नेमकी कशी करावी?

नदीकाठ : नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे एक छोटी नोंदणीकृत संस्था बारावी झालेल्या भिल्ल-पावरा मुलींना एएनएम, जीएनएम (दोन्ही नर्सिंगचे अभ्यासक्रम) आणि बीएला पाठवते. लग्नामुळे शाळा सुटलेल्याही आहेत. आम्ही अमेरिकेतली काही मराठी कुटुंबं वर्षाला दोनेक लाख देऊ शकतो. लॅपटॉप द्यावेत की फी भरावी?

सातपुडा : दोन्ही नको. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर (दहावीपुढच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळते. सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर जेवण-राहण्याच्या खर्चासाठी स्वयम् योजना. घोडं अडतं ते पैसे उशिरा येतात म्हणून. पोरगी घरी परतते ती दिवाळीच्या आत, खानावळ थकली की. तेव्हा पहिल्या चार महिन्यांचं जेवण आणि खोलीभाडं उचला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण पाड्यापासून फाट्यापर्यंत जीपच लागते. तेही धरा.

आणि 'नर्सिंग'च्या नावावर सहा महिन्यांचे कोर्स विकणारे बरेच आहेत. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

दाखलेवाली : थोडे पैसे कागदांसाठी राखा, खरी गळती तिथे आहे. दाखल्यावर 'वसावे', आधारवर 'वसावा', बँकेत नवऱ्याचं नाव: शिष्यवृत्ती अडकलीच म्हणून समजा. आधी शाळा सोडल्याचा दाखला धरा, त्याबरहुकूम आधार आणि मग बँक. खातं आधारला 'लिंक' असून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, ते एनपीसीआय या बँकांच्या पेमेंट यंत्रणेला जोडलंय का ते शाखेत विचारा.

जात प्रमाणपत्र लग्न झालेलीचंही माहेरच्या कागदांवरच निघतं. पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमध्ये कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल काढा. हे अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालानंतर धावपळ करून काही होत नाही. दहावी राहिलेलीला बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, फक्त तारीख चुकवू नका.

हिशेबनीस : पैसे पाठवण्याआधी थांबा. पासपोर्ट कुठले?

नदीकाठ : निम्मे भारतीय, निम्मे ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेले मूळचे भारतीय.

हिशेबनीस : मग एका खात्यात गोळा करूच नका. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान विदेशी धरत नाहीत. ओसीआयचं धरतात, त्याला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी हवी. त्यासाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, म्हणजे लहान संस्थेकडे ती बहुधा नसतेच. मोठ्या संस्थेतून पैसे फिरवण्याची वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे थेट द्यावं, पासपोर्टची प्रत जोडून, आणि ओसीआयवाल्यांनी एफसीआरए असलेली दुसरी संस्था गाठावी. अमेरिकेत या थेट देणगीवर करसवलत मिळणार नाही.

सातपुडा : एक राहिलं. शिष्यवृत्ती आली की उचल परत घ्यायची का, हे जूनमध्येच मुलीशी आणि तिच्या आईशी बोलून ठरवा. माझं मत, घेऊ नये. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असतात, वसुलीच्या धाकाने पोरगी फोन उचलायची बंद होते.