अडतीस वर्षांच्या निगेटिव्ह: काय ठेवू, काय देऊन टाकू?

लाल_दिवा

मंडळी, नमस्कार. सल्ला हवा आहे, आणि जरा घाईने हवा आहे.

१९७९ साली तालुक्याच्या गावी स्टुडिओ टाकला, २०१७ साली शटर ओढलं. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप, कारखान्याच्या सभा, पोलिसांसाठी पंचनाम्याचे फोटो, सगळं केलं. सुरुवातीला याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा, १२० चा रोल, त्यात १२ फ्रेम. एका लग्नाला चार रोल म्हणजे ४८ फोटो, आणि त्यात हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी सगळं बसवायचं. बटण दाबण्याआधी मनात हिशेब चालायचा. पुढे ३५ एमएम आला, ३६ फ्रेम आल्या, तेव्हा हात थोडा सैल झाला.

गाळा आता विकलाय. दिवाळीपर्यंत रिकामा करून द्यायचाय. आत फोटोच्या कागदाची २१४ जुनी खोकी आहेत आणि प्रत्येक खोक्यात बटरपेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह. फिल्ममधली चांदी काढणारा एकजण किलोवर सगळं उचलायला तयार आहे.

खरं तर एव्हाना देऊनही टाकलं असतं. पण मध्ये मुलीकडे दिल्लीला गेलो होतो. तिच्या कपाटात उमरावसिंग शेरगिल यांच्या फोटोंचं एक पुस्तक होतं. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील, एवढंच मला ठाऊक. दुपारी चाळायला घेतलं ते रात्री मिटलं.

१८७० चा जन्म. पंजाबातल्या मजिठ्याच्या सरदार घराण्यातले, संस्कृत-फारसीचे पंडित, योगाभ्यासाचा ध्यास. बायको हंगेरीची, गाणारी आणि पियानो वाजवणारी. लाहोरला भेट झाली, १९१२ साली लग्न. अमृता आणि इंदिरा दोघी बुडापेस्टला जन्मल्या, महायुद्धात सगळं घर तिकडेच अडकलं, १९२१ साली सिमल्याला आले, १९२९ साली मुलींच्या शिक्षणासाठी पॅरिस. आणि हा माणूस या सगळ्या घरांतून आपल्याच माणसांचे फोटो काढतोय. गिऱ्हाईक नाही, ऑर्डर नाही, तारखेची घाई नाही. बायको, मुली, मुलींचे पोशाख, आणि पुन्हा पुन्हा तो स्वतः. १९३० सालचा एक फोटो आहे, पंधरा दिवसांच्या उपासानंतर स्वतःच काढलेला. अंगावर नावाला कपडा. मी त्या पानावर फार वेळ थांबलो. आयुष्यभर ‘हनुवटी जरा खाली, इकडे बघा’ म्हटल्याशिवाय मी बटण दाबलेलं नाही. तिथे असं म्हणणारं कुणी नव्हतंच. जो बघतोय तोच दिसतोय.

आता माझी गोष्ट. बायको २०११ साली गेली. बाराव्याला भिंतीवर लावायला तिचा फोटो सापडेना. गावातल्या निम्म्या घरांत हार घातलेले जे फोटो आहेत ते मी मोठे करून दिलेत, फ्रेम करून दिलेत, कितीतरी वेळा रात्री बसून. शेवटी एका भाच्याच्या लग्नाच्या ग्रुपमधून तिचा चेहरा काढला. दुसऱ्या रांगेत होती, पुढच्या बाईचा अंबाडा हनुवटीवर आला होता. तो मी पेन्सिलने घालवला. म्हणजे भिंतीवर आज जी हनुवटी आहे ती माझ्या हातची आहे, तिची नाही. हे मी आजवर मुलीलाही सांगितलेलं नाही.

म्हणून विचारतो. ज्याने घरच्यांचेच फोटो काढले त्याचं काम पुस्तकात आलं, लोक आजही बघतात. माझ्या २१४ खोक्यांत परक्यांची लग्नं आहेत. त्यातलं काय राखावं? की चांदीवाल्याला फोन करावा? जाणकारांनी मनापासून सांगावं.

मुक्ता_चित्रकला

काका, मी कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवते. फोन करू नका. निदान हे वाचेपर्यंत तरी नको.

उमरावसिंगांबद्दल आधी एक गोष्ट. त्यांच्या हयातीत त्यांना छायाचित्रकार म्हणून कुणी फारसं ओळखत नव्हतं. १८९० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंत ते स्वतःचे फोटो काढत राहिले, तरुण सरदारापासून पिकलेल्या दाढीपर्यंत. पण घराण्याचं नाव झालं ते अमृताच्या रंगांनी. १९३२ सालचं ‘यंग गर्ल्स’, त्यावर पॅरिसच्या ‘सलों’ या मोठ्या चित्रप्रदर्शनाचं सुवर्णपदक, मग भारतात परत येणं. १९३६ च्या अखेरीला ती मुंबईत प्रदर्शन करून अजिंठा-वेरूळ बघायला गेली, आणि त्यानंतर तिच्या चित्रांतली माणसं बदलली. मी दरवर्षी मुलांना १९३७ सालचं ‘ब्राइड्स टॉयलेट’ अजिंठ्याच्या भित्तिचित्रांशेजारी ठेवून दाखवते. बोलावं लागत नाही. तो मातकट लाल, त्या झुकलेल्या माना, मुलांना आपोआप दिसतं.

५ डिसेंबर १९४१ ला ती लाहोरला वारली. २८ वर्षांची होती, प्रदर्शन तोंडावर होतं. १९४८ साली आईने स्वतःला गोळी मारून घेतली. १९५४ साली उमरावसिंग गेले. उरली इंदिरा आणि तिची मुलं. त्यातला विवान सुंदरम तेव्हा ११ वर्षांचा होता. तोही चित्रकार झाला, आणि २००१-०२ च्या सुमारास त्याने आजोबांचे हेच फोटो घेऊन कॉम्प्युटरवर ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या शहरांत काढलेली माणसं त्याने एका खोलीत आणली. मावशी, आजी, आजोबा, आरसे, तिची चित्रं. आजोबांच्या काचेच्या निगेटिव्ह आणि फिल्म कुणीतरी जपल्या म्हणूनच हे होऊ शकलं. काय उपयोगी पडणार आहे हे जपणाऱ्याला माहीत नव्हतं.

आणि आता याची दुसरी बाजू, जी मला वर्गात सांगताना दरवेळी जड जाते. याच घरात अमृताची पत्रं जाळली गेली. तिने सांभाळून ठेवलेली, तिला आलेली पत्रं. ती परदेशात असताना आईवडिलांनी वाचली आणि जाळून टाकली. तिला कळलं तेव्हा फार लागलं होतं, वडिलांना तसं लिहिलंही तिने. ज्या वडिलांनी मुलीचा प्रत्येक पोशाख काचेवर धरून ठेवला तेच हे वडील. त्यांना ती पत्रं घराण्याला नको असलेला पसारा वाटली असणार. आज आम्ही अभ्यास करणारी माणसं त्या पत्रांसाठी काय वाटेल ते देऊ.

तुम्ही ‘परक्यांची लग्नं’ म्हणताय त्यात १९७९ पासूनच्या एका तालुक्याचे कपडे आहेत, दागिने आहेत, मांडव आहेत, पंगतीत कोण कुणाशेजारी बसलंय ते आहे. सगळं ठेवता येणार नाही हे मान्य. पण निवडायचं असेल तर ‘चांगला फोटो’ हा निकष लावू नका. पंचनाम्यांचं मात्र वेगळं काढा. त्यात माणसांची दुःखं आहेत, ती कुणाच्या हाती पडतील हा विचार आधी करा.

स्वरूपा८८

मी जाणकार नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी २०१९ च्या पुरात आई-बाबांच्या लग्नाचा आल्बम गेला. फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाला. बाबांनी वाळवायला उन्हात ठेवला होता, रोज जाऊन बघायचे. मग मी शोधत शोधत त्या वेळच्या फोटोग्राफरकाकांच्या घरी गेले. निगेटिव्ह त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी भंगारात दिल्या होत्या. त्याचा दोष नाही, त्यालाही जागा नव्हती.

काका, गावाच्या ग्रुपवर एक निरोप टाका ना. ज्यांचं लग्न असेल त्यांनी येऊन आपलं पाकीट घेऊन जावं. वर्ष आणि नाव लिहिलेलं असेल तर एका रविवारात अर्धी खोकी हलतील.

हायपो

साहेब, मीही याच धंद्यातला. ३० वर्षं काढली. आधी कामाचं सांगतो.

प्रत्येक खोकं उघडलं की वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागलीय. फिल्मचा अॅसिटेटचा पाया सुटतो, ती आक्रसते, नळीसारखी वळते. ती खोकी लगेच वेगळ्या खोलीत ठेवा, त्या वाफेने शेजारची चांगली फिल्मसुद्धा बिघडते. ‘जपून’ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत ओल धरली तर बुरशी येते. बुरशी दिसली तर पाण्याने पुसायला जाऊ नका, इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, मऊ झालेलं असतं, बोटाबरोबर निघून येतं. माझं असं एक लग्न गेलंय.

कृष्णधवल नीट धुतलेली असेल तर घाई नाही, ती चांदी आहे, आपल्यामागेही राहील. रंगीत निगेटिव्हचे रंग मात्र अंधारातही उडतात. म्हणून कॉपी करायला सुरुवात रंगीतपासून करा. स्कॅनरच्या खर्चात पडू नका. डिजिटल कॅमेऱ्याला अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, खाली उजेडाची पेटी म्हणजे लाइट बॉक्स, कॅमेरा स्टँडवर अगदी समांतर, बाजूचा उजेड काळ्या कागदाने अडवायचा. दिवसाला २०० फ्रेम आरामात होतात.

एखादी संस्थाही बघा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला, पुढे त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला म्हणून आज बघायला मिळतो. आपलं काम त्या पंक्तीतलं नसेल, पण जिल्ह्याच्या एखाद्या ग्रंथालयात किंवा कॉलेजात विचारायला काय हरकत आहे.

आता वहिनींच्या फोटोचं. तुम्ही म्हणता घरचे फोटो नाहीत. मला पटत नाही. ३६ चा रोल जपून भरला तर ३७, कधी ३८ फ्रेम देतो. लग्नाहून परत यायचो तेव्हा रोलमध्ये दोनतीन फ्रेम उरलेल्या असायच्या. फोटो दुसऱ्या दिवशी हवे, रोल रात्रीच धुवायचा. मग त्या उरलेल्या फ्रेम आपण कुठे मारायचो? घरात. जे समोर असेल त्याच्यावर. त्यांचे प्रिंट कधी काढले नाहीत, गिऱ्हाइकाच्या पाकिटात तशाच गेल्या. साहेब, प्रत्येक रोलची शेवटची पट्टी बघा. शेवटची तेवढी.

लाल_दिवा

अकरा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, एकेकाला सावकाश उत्तर देईन.

हायपोसाहेब, तुम्ही लिहिलंत त्या रात्रीच गाळ्यात गेलो. शेवटची पट्टी तेवढी काढायची, भिंग लावायचं, परत घालायची. पहिल्या सहा खोक्यांत काही नाही. एका रोलला स्टुडिओचा पंखा, एकाला रस्त्यावरची बैलगाडी. सातव्या खोक्यात, मे १९८६ चं एक लग्न. फ्रेम ३५ मध्ये पाठवणी, नवरी जीपमध्ये बसतेय. ३६ मध्ये आमच्या डार्करूमचं दार. ती उंबऱ्यावर बसलीय, मांडीवर कात्री आणि बटरपेपरची गुंडाळी. पाकिटं कापतेय. मान खाली. ३७ मध्ये तिने वर बघितलंय, बहुतेक मी हाक मारली असणार. फ्रेम पूर्ण नाही, उजवा भाग रोलच्या टोकाला कापला गेलाय आणि फिल्म वाळत टांगायच्या क्लिपचं भोक पडलंय तिच्या खांद्यापाशी. चेहरा सगळा आहे. हनुवटीवर डाव्या बाजूला एक छोटा व्रण होता तिला, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडली होती. मी पेन्सिलने केलेल्या हनुवटीवर तो नाही. मी विसरलो होतो.

मग ते पाकीट उलटं केलं. वर वर्ष, घराण्याचं नाव, रोल नंबर. अक्षर तिचं. बाकीची पाकिटं बघितली. १९८१ पासून २००९ पर्यंत बहुतेक सगळ्यांवर अक्षर तिचंच आहे. इतकी वर्षं रोज ती पाकिटं हाताळली मी, नंबर वाचले, अक्षर बघितलं नाही.

मुलीला फोन करून भिंतीवरच्या फोटोचं सगळं सांगितलं. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, बाबा, तो राहू दे, त्याच्या शेजारी हा लाव.

स्वरूपा, तुझं ऐकून ग्रुपवर निरोप टाकला. गेल्या रविवारी ४१ जण आले. एक आजी दोन गावं ओलांडून एसटीने आल्या, नवऱ्याचं पाकीट पदरात बांधून नेलं. पाकिटं देतोय, पण शेवटची पट्टी बघून, आणि तिच्या अक्षराचं वरचं कव्हर ठेवून घेतोय. नवीन कव्हरं मी कापतो. मुक्ताताई, पंचनामे बाजूला काढलेत, त्याबद्दल तुमच्याशी फोनवर बोलायचं आहे.

सतरा खोक्यांना आंबट वास येतो, ती मागच्या पडवीत हलवली. चांदीवाल्याला नाही म्हणून कळवलं. गाळा घेणाऱ्याने मार्गशीर्षापर्यंत मुदत दिलीय. १८६ खोकी बघायची राहिलीत. लाइट बॉक्सची ट्यूब लुकलुकत होती, ती आज सकाळी बदलून आणली.